पाणदरवाजा आणि दसऱ्याची उलटी रांग

श्रीगणरायास नमन, ग्रामदेवीस नमन, आणि ज्या नदीने त्या दिवशी माणसांवर दया केली तियेसही नमन. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सर, भाद्रपद सरत आला, हस्ताचा पाऊस, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते पाहिले तैसे आणि ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले म्हणजे त्या राज्याचे लोक रागावतात आणि बाकीच्या राज्यांचे लोक निश्चिंत होतात, आणि दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. अक्षर उतारवयात आले म्हणोन वाकडे असेल. मजकूर सरळ आहे.

त्या राज्याचे गड दगडाचे नव्हते. पूर्वी दगडाचे होते, तेथे आता वानरे नांदतात आणि शाळांच्या सहली येतात. आताचे गड म्हणजे पोलादी कपाटे, थंड कोठीत उभी केलेली, मधमाश्यांचे पोळे घोंघावते तैशी अहोरात्र घोंघावणारी, आणि लोक तयांस सर्व्हर म्हणत. एका गडाचे पोटात रयतेच्या जमिनींचे दफ्तर, दुसऱ्याचे पोटात दवाखान्यांचे, तिसऱ्याचे पोटात विजेचे, आणि ज्याची ही हकीकत त्या गडाचे पोटात धरणाच्या पाण्याचा कारभार. प्रत्येक गडास शेकडो दरवाजे. त्यातून खबर आत येई आणि हुकूम बाहेर जाई. सारे उघडे ठेवावे तर परमुलखाचे चोर शिरत, आणि सारे बंद ठेवावे तर गड म्हणजे नुसते कपाट. म्हणोन दरबाराने मूळ जाबता ठरविला, की कोणता दरवाजा उघडा असावा, कोणता बंद, किल्ली कोणाजवळ आणि परवलीचा शब्द केव्हा बदलावा, आणि राज्यातील सर्व गड त्याबरहुकूम असावे. मग वर्षातून एकदा तपासनीस गडावर येत आणि गड व जाबता समोरासमोर ठेवीत, आणि मेळ बसला तेथे पडद्यावर हिरवी टिकली उमटे, फरक पडला तेथे तांबडी.

आता एखादा दरवाजा जाबत्यात नाही आणि कामास तर पाहिजे, ऐसे जाहले म्हणजे काय करावे? तर सवलतीचा अर्ज करावा, ऐशी तरतूद होती. परंतु त्या अर्जास एक रिवाज चिकटला होता, जो कोणी लिहिला नव्हता आणि सर्व पाळीत. दसऱ्यास दरबार भरे, किल्लेदार रांगेने उभे राहत, आणि महाराज स्वहस्ते आपट्याचे सोने वाटीत येत. ज्याचा गड निर्दोष तो पुढे. ज्यास तांबडी टिकली मिळाली, किंवा ज्याने सवलत मागितली, तो शेवटी. शेवटापर्यंत येता येता चांगली पाने सरलेली असत, आणि उरत ती किडकी. आणि चिटणीस मोठ्या आवाजाने पुकारीत, "अमुक अमुक किल्लेदार, ज्यांस जाबता पुरत नाही!" आणि दरबार हसे. हसण्याची सक्ती नव्हती, परंतु जो न हसे तो लगेच दिसून येई.

पाण्याचे गडावर किल्लेदार रायाजी थिटे होते. मनुष्य अंगाने थोराड, कामास चोख, लाजेस फार हळवा. धरणावरचे पाणी मोजावयाचे यंत्र जुन्या काळचे होते, त्यास नव्या दरवाजांची भाषा कळत नसे, ते एकाच जुन्या दरवाजातून बोले, आणि त्यास गडावरचे लोक पाणदरवाजा म्हणत. त्यातूनच पाण्याची उंची गडावर येई, आणि त्यातूनच उलट हुकूम धरणावर जाई, की भोंगा वाजवा, झडपा उचला. हा दरवाजा मूळ जाबत्यात नव्हता, कारण जाबता लिहिणारे राजधानीत होते आणि धरण डोंगरात. रायाजींनी गड हाती येताच सरळ मनाने सवलतीचा अर्ज केला. मग दसऱ्यास रांगेचे शेवटी उभे राहिले, आणि चिटणिसांनी पुकारले, आणि दरबार हसला, आणि सासरे तिसऱ्या खांबापाशी मान खाली घालून उभे होते. घरी आले तो कुटुंबाने, चंद्राबाईंनी, ओवाळून तळहातावरचे पान पाहिले आणि म्हणाल्या, "अगोबाई, यंदा सोन्याला भोक पडलं?" त्यापुढे रायाजींनी अर्ज केला नाही. तपासनीस आले म्हणजे पाणदरवाजा लावून घ्यावा, आणि ते सुपारी खाऊन गाडीत बसले म्हणजे उघडावा, ऐसे करू लागले. पाहुणे आले म्हणजे दोरीवरचे धुणे काढतात, तैसे ते होते. त्यात कोणास पाप वाटले नाही, कारण घरोघरी हेच चालत होते, आणि रायाजी दसऱ्यास पुढे उभे राहू लागले, आणि पाने अखंड मिळू लागली.

त्या वर्षी जुने तपासनीस निवृत्त होऊन नव्या आल्या, वेणूबाई कोपरकर. त्यांची ख्याती ऐशी की गडावरचे पाणीही पीत नाहीत, आपली बाटली आपण आणतात, आणि सुपारीचे तबक पुढे केले तर "दात दुखतात" म्हणतात. दरबाराने तयांस शब्द दिला होता, की यंदा सर्व गड हिरवे करून दाखवा, म्हणजे मुख्य तपासनीस तुम्हीच. एक पाण्याचा गड तेवढा राहिला होता. घट बसावयाचे आदले दिवशी सकाळी बाई पाण्याचे गडावर आल्या. डोंगरात रात्रीपासून ढग गुरगुरत होते. गाडीचा आवाज ऐकताच रायाजींनी पाणदरवाजा लाविला. धरणाचे पाणी तेव्हा धोक्याच्या खुणेच्या पुष्कळ खाली होते, आणि पडद्यावर तो आकडा उमटलेला राहिला.

गडाचे सबनीस लिंबाजी पानसे, जिभेने तिखट आणि काळजाने भित्रे, रायाजींच्या कानाशी लागून म्हणाले, "रायाजीराव, बाईंचं तोंड बघितलं का? सर्वपित्रीला कावळा सुद्धा याहून हसऱ्या तोंडानं येतो."

"गप बसा. जेवणाचं काय केलंत?"

"वडे, खीर, अळूचं फदफदं. पितरांच्या आधी तपासनीस जेवतील, पितर समजून घेतील."

मग वेणूबाई थंड कोठीत बसल्या आणि तपासणी सुरू जाहली. त्यांचे यंत्र एकेक दरवाजा ठोठावी आणि जाबत्याशी ताडून पाही, आणि पडद्यावर हिरव्या टिकल्या ऐशा उमटत चालल्या जैशा पावसाळ्यात माळावर गवताच्या काड्या. पाणदरवाजापाशी यंत्र आले तेव्हा रायाजींच्या कपाळी थंड कोठीतही घाम होता. तोही बंद आढळला. हिरवा. शेवटची टिकली उमटली तेव्हा बाईंनी चष्मा काढिला, पुसला, आणि कोणी त्यांस कधी पाहिले नव्हते तैशा किंचित हसल्या. म्हणाल्या, "निर्दोष. किल्लेदार, अभिनंदन."

रायाजी वाकून नमस्कार करीत होते, तोच बाईंनी आणखी काही करावयास घेतले. रायाजींनी विचारिले, "हे काय, बाईसाहेब?"

"राखण्या बसवतेय. कालच हाती आलाय, बाकीच्या गडांवर मागाहून बसेल. दरबाराला संशय आहे, की आम्ही पाठ फिरवली की दरवाजे उघडतात. हा शिपाई गडाच्या पोटातच राहील. जाबत्याबाहेरचा दरवाजा कोणी उघडला, की हा लगेच लावेल. झोपत नाही, आणि सुपारीही खात नाही."

"आणि काढायचा झाला तर?"

"कशाला काढायचा?" बाई म्हणाल्या. "माझी किल्ली आणि चिटणिसांची किल्ली, दोन्ही लागतात. तुमच्या गडाला त्याची गरज नाही खरं तर, पण नियम सर्वांना सारखा."

रायाजींनी लिंबाजींकडे पाहिले आणि लिंबाजींनी छताकडे. मग रायाजींनी मनास समजाविले, की पाणी खाली आहे, आज ना उद्या तोड निघेल, आणि पाने वाढावयास सांगितले. आणि बाईंनी आपला डबा सोडला, आणि गडावरच्या मंडळींनी खीर ओरपली, आणि बाहेर हस्ताने ऐशी सोंड सोडली की पागोळ्यांचा पडदा जाहला. इतक्यात रायाजींचा फोन वाजला. धरणावरचा चौकीदार इसाक मुजावर होता. तो धरणाशेजारच्या खोपटात बायकोसह राहत असे.

इसाक म्हणाला, "सायेब, झडपा कवा उचलताय?"

"का रे?"

"का काय? पाणी चढाय लागलंय की! वरच्या अंगाला ढगफुटी झाल्यागत झालंय. सकाळची खूण कवाच बुडली."

रायाजींनी पडद्याकडे पाहिले. आकडा सकाळचा तो सकाळचाच. एक रेघभर हलला नव्हता. हलणार कैसा? दरवाजाच लावलेला, मग आलेला शेवटचा आकडा तोंडावर ठेवून पडदा बसला होता, जैसा मेलेल्या घड्याळाचा काटा. आणि हुकूम जावयाचा तोही त्याच दरवाजातून.

रायाजींनी दबक्या आवाजात विचारिले, "चाकानं उचलता येतील का झडपा? हातानं?"

"त्या चाकाला धा पैलवान लागतील सायेब, गंजलंय ते. हितं मी आन् जैनबी. आन् खाली नदीत बाजार भरलाय, घटाचा. आख्खं पात्र मान्सानं भरलंय."

आता हे ध्यानी घ्यावे. त्या नदीचे पात्र धरणाखाली रुंद आणि कोरडे, आणि घट बसावयाचे आदले दिवशी तेथे मोठा बाजार भरे, मातीचे घट, काळी माती, सात धान्ये, टोपल्या, बांगड्या, आणि आसपासच्या गावच्या बायामाणसांची तेथे खेचाखेच. झडपा वेळेवर थोड्या थोड्या उचलल्या तर पाणी कडेने जावे आणि बाजारास भोंगा ऐकून निघावयास वेळ मिळावा. उशीर जाहला तर धरणाचा बांध मातीचा. पाणी वरून सांडू लागले म्हणजे बांध धुपून जाणार आणि सारे धरण एकदम बाजारावर येणार. हे रायाजींस पाठ होते. त्यांस जन्मात दुसरे काही पाठ नव्हते.

मग रायाजी हात धुवावयाचे निमित्ताने उठले, मागील कोठीत गेले आणि तेथून पाणदरवाजा उघडिला. राखण्याने लाविला. पुन्हा उघडिला, पुन्हा लाविला. तिसऱ्यांदा उघडिला तो डोळ्याचे पाते लवायच्या आत लाविला, जणू शिपाई आता चिडला होता. लिंबाजी मागोमाग आले.

"लिंबाजी, बाईंना सांगतो."

"वेड लागलं का? सांगितलंत की किल्लेदारी गेली. नुसती रांगेच्या शेवटी नाही, रांगेतूनच गेली. लपवलेला दरवाजा आहे तो, रायाजीराव, सवलतीचा नाही."

"मग काय करू?"

"जैनबीला खाली पाठवा. ओरडून बाजार उठवील. बाई संध्याकाळी जातील, मग आपण बघू काहीतरी."

इतके सांगेतो इसाकाने बायकोस धाडिलेही होते. जैनबी निसरड्या पायवाटेने खाली पात्रात उतरली आणि पदर कमरेस खोचून ओरडू लागली, की उठा, पाणी येतंय, उठा. आणि बाजार तिजकडे पाहू लागला. एका कुंभारणीने आपल्या लेकाचा फोन घेऊन तिचे नाकासमोर धरिला आणि म्हणाली, "बये, आकडा बघ की! सरकारी हाय, हिरवा हाय. तुझ्या डोळ्याला पाणी लागलंय का?" आणि बाजार हसला. कारण त्या राज्यात डोळ्यांनी पाहिलेल्या पाण्यापेक्षा पडद्यावरचे पाणी खरे मानीत. आणि हा आकडा रयतेच्या फोनांवर जाई तोही त्याच पडद्यावरून, म्हणजे रायाजींचे खोटे आता हरएक टोपलीपाशी जाऊन बसले होते.

रायाजी थंड कोठीत परत आले. वेणूबाई डबा आवरून पडद्यासमोर बसल्या होत्या, राजधानीस अहवाल धाडावयाचा होता आणि पाऊस उघडला की निघावयाचे होते. त्यांनी पाण्याच्या आकड्याकडे बोट केले आणि प्रसन्न चित्ताने म्हणाल्या, "काय शिस्त आहे पाहा किल्लेदार. मी आल्यापासून एक रेघही हललेला नाही. तुमच्याकडे पाणीसुद्धा जाबत्याप्रमाणे वागतं."

लिंबाजींस खोकला आला. रायाजींच्या हातातला फोन पुन्हा वाजला, आणि त्यांनी तो कानास लाविला नाही, बाईंच्या पुढे मेजावर ठेवून मोठ्या आवाजावर केला. इसाकाचा आवाज पावसात तुटत होता. "सायेब! कठड्याला हात लावून बसलोय. हात ओला झाला तर मी पळणार, आधीच सांगतो. जैनबी खालीच हाय. कुणी ऐकंना तिचं."

बाईंनी विचारिले, "हा कोण?"

रायाजी म्हणाले, "धरणावरचा चौकीदार, बाईसाहेब. आणि तो आकडा खोटा आहे. सकाळी आपली गाडी आली तेव्हाचा आहे. पाणी ज्या दरवाजातून बोलतं, तो मी लावला. दर वर्षी लावतो. हुकूमही त्यातूनच जातो. आता राखण्या उघडू देत नाही."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल जाहल्या. मग त्या म्हणाल्या, "सवलत का नाही मागितलीत?"

"मागितली होती. एकदा. पानाला भोक होतं."

बाईंस क्षणभर कळले नाही, आणि मग कळले. "मी होते त्या दरबारात," त्या म्हणाल्या.

"होय. खांबाच्या डाव्या बाजूला."

"मी हसले होते?"

रायाजी म्हणाले, "सगळेच हसले, बाईसाहेब. आपण तोंडाला पदर लावलात. तेवढं बरं वाटलं होतं."

यावर वेणूबाईंनी आपली किल्ली काढून यंत्रास लाविली आणि चिटणिसांस फोन केला. चिटणीस राजधानीत दुपारची वामकुक्षी आटोपून चहा घेत होते. त्यांनी सारे ऐकिले आणि सावकाश म्हणाले, "कोपरकरबाई, राखण्या काढायची कारणं दोनच आहेत. एक, परचक्र. दोन, तपासनिसाची चूक. तिसरं कारण कागदावर नाही."

"किल्लेदारानं दरवाजा लपवला, हे कारण?"

"ते नाही. म्हणजे ते दोष म्हणून आहे, कारण म्हणून नाही. उद्या समिती बसवू, नवं कारण घालू. तोवर..."

इसाक मेजावरच्या फोनातून ओरडला, "हात ओला झाला, सायेब!"

"दोन नंबर लिहा," वेणूबाई म्हणाल्या.

"बाई, विचार करा. मुख्यपदाचा कागद माझ्यापुढेच आहे. शाई तेवढी राहिलीय."

"ती शाई दोन नंबरला वापरा, आणि किल्ली द्या."

किल्ली आली. राखण्या निघाला. रायाजींनी पाणदरवाजा उघडिला, आणि पडद्यावरचा आकडा ऐसा उसळला जैसे दाव्यातून सुटलेले खोंड, आणि खुणेवरून, तांबड्या रेषेवरून, थेट कठड्यास जाऊन भिडला. रायाजींनी पहिला हुकूम भोंग्याचा दिला. भोंगा डोंगरात दुमदुमला, आणि त्याच वेळी बाजारातल्या सर्व फोनांवर हिरवा आकडा तांबडा जाहला, आणि तेव्हा लोक उठले. परंतु बाजार उठतो म्हणजे कैसा उठतो? टोपल्या उचलतो, पोरे शोधतो, हिशेब पुरा करितो. आणि झडपा आत्ता उचलाव्या तर हा बाजार वाहून जावा, आणि न उचलाव्या तर बांध. रायाजींचे बोट हुकुमावर टेकलेले, आणि नजर त्या फोनावर, कारण आता त्यांचे डोळे म्हणजे इसाक.

"बोल इसाक."

"निम्मी गर्दी वर आली. बांगडीवाले आले. आन् ती कुंभारीण परत खाली गेली की! घट गोळा करतीया येडी!"

"बांधावर पाणी?"

"माझ्या पायाखालनं एक धार निघालीय, सायेब. बोटाएवढी."

वेणूबाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "किल्लेदार, बोटाएवढी धार किती वेळ बोटाएवढी राहते?"

"फार नाही."

"मग?"

"बायका खाली आहेत अजून," रायाजी म्हणाले, आणि बोट हलविले नाही. बोटाखालची काच घामाने निसरडी जाहली होती. इसाक सांगत राहिला. जैनबीने कुंभारणीच्या हातातला घट हिसकावून खडकावर आपटला. कुंभारणीने तिला शिवी दिली. जैनबीने तिचा दंड धरिला आणि ओढीत ओढीत काठाकडे चालविली, आणि कुंभारीण वाटेत एकदा बसली आणि जैनबीने तिला उठविली, आणि धार आता मनगटाएवढी जाहली होती. मग इसाकाने ऐसा श्वास सोडला की तो थंड कोठीत सर्वांस ऐकू आला. "चढल्या. दोघी चढल्या. सोडा सायेब, सोडा!"

रायाजींनी झडपा थोड्या थोड्या उचलिल्या, एकदम नव्हे. पाणी पात्रात उतरले आणि बाजाराची जागा त्याने घेतली. टोपल्या गेल्या, काळी माती आपल्या घरी गेली, आणि मातीचे घट पाण्यावर तरंगत खाली गेले, जणू नदी एक दिवस आधीच घट बसवावयास निघाली. माणूस एकही गेले नाही. बांध खचला, परंतु राहिला. सायंकाळी पडद्यावरचा आकडा खुणेखाली आला, आणि तो पुन्हा घडीघडीस बदलत होता, आणि वेणूबाई त्याजकडे बराच वेळ पाहत बसल्या. मग निघताना त्यांनी लिंबाजींपाशी खीर मागितली. खीर संपली होती. लिंबाजी म्हणाले, "वडे आहेत, पण गार झालेत." बाईंनी गार वडे खाल्ले.

पुढे दसरा आला. दरबार भरला, किल्लेदार नवी पागोटी बांधून रांगेत लागले, आणि चिटणिसांनी कागद उघडिला. वेणूबाई तपासनीस, तयांची जागा सिंहासनाशेजारी असावयाची. तेथे न जाता त्या साऱ्या दरबारातून चालत रांगेच्या शेवटी गेल्या आणि उभ्या राहिल्या. त्यांचे मागे रायाजी थिटे येऊन उभे राहिले. चिटणिसांनी पुकारले, "वेणूबाई कोपरकर, तपासनिसाची चूक! रायाजी थिटे, ज्यांस जाबता पुरत नाही!" आणि हसावयासाठी थांबले, जैसे नेहमी थांबत. कोणी हसले नाही. घट वाहून गेल्याची बातमी सर्वत्र पोहोचली होती, आणि कोणाचा मेहुणा, कोणाची मावशी त्या बाजारात होती.

त्या शांततेत जमिनींच्या गडाचे किल्लेदार, वयाने सर्वांत वडील, रांगेतून निघाले. लोकांस वाटले, पाणी प्यावयास चालले. ते मागे जाऊन रायाजींच्या पाठीशी उभे राहिले. आणि चिटणीस म्हणाले, "आबासाहेब, आपला गड हिरवा आहे. आपली जागा पुढे."

आबासाहेब म्हणाले, "हिरवा आहे, हो. आमच्याकडेही एक दोरीवरचं धुणं आहे."

मग दवाखान्यांच्या गडाचे निघाले. मग त्यांचे शेजारी. मग काही तरुण किल्लेदार एकमेकांकडे पाहत, कोपराने ढोसत निघाले, आणि पागोट्यांची रांग सापाने कात टाकावी तैशी सरकत सरकत मागे गेली, आणि जो शेवट होता तो आता गर्दीचा जाहला आणि जो पुढचा मान होता तेथे मोकळी फरशी चकाकू लागली. महाराज सोन्याचे तबक घेऊन उभे. त्यांनी मोकळ्या फरशीकडे पाहिले, मग मागे पाहिले, आणि चालत शेवटाकडे गेले. पहिले पान, अखंड, हिरवे, वेणूबाईंस दिले. दुसरे रायाजींस देताना हात रोखून म्हणाले, "दरवाजा लपवलात, ते वाईट केलंत. बोट थांबवलंत, ते बरं केलंत. चिटणीस, दोन्ही लिहा, आणि एकानं दुसरं पुसू नका." गड रायाजींकडेच राहिला. पाणदरवाजा जाबत्यात कारणासह नोंदला गेला, आणि सवलतीचे अर्ज यापुढे दरबारात पुकारू नयेत ऐशी आज्ञा तेथेच जाहली. चिटणिसांचा आवाज उत्तम होता; तयांस वाईट वाटले.

परंतु सर्वच मागे आले नव्हते. पुढे, मोकळ्या फरशीवर, एक किल्लेदार एकटेच उभे होते, विजेच्या गडाचे हैबतजी सोंडकर, पागोटे जरीचे, छाती पुढे, नजर सरळ. वेणूबाईंनी आपले पान पदरास बांधिले आणि त्यांजपाशी गेल्या.

"हैबतजीराव, उद्या सकाळी गडावर आहात ना?"

हैबतजी म्हणाले, "उद्या? उद्या घरी सत्यनारायण आहे, बाईसाहेब."

"असू द्या. प्रसादालाच येते," वेणूबाई म्हणाल्या. "सुपारी तेवढी नको. दात दुखतात."

एवंच, ज्या राज्यात कबुलीस हसतात तेथे सर्व गड हिरवे दिसतात, आणि पाणी आपले चढतच राहते. जाबता पाहिजे, दरवाजे लावावयासही पाहिजे आणि कोणता का उघडा ते सांगावयासही पाहिजे. चंद्राबाईंनी त्या वर्षीचे पान देवघरात ठेविले, आणि भोकाचे जुने पानही, वाळलेले, त्याशेजारीच. दोन्ही आम्ही पाहिली. इतकेच लिहावयाचे होते.